निष्काळजीपणाचा रंग

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, जुन्या नाण्यांच्या एका दुकानात, काचेच्या मेजासमोर, दोन साक्षीदारांच्या देखत, निष्काळजीपणा हा सद्गुण असल्याचे जाहीर करण्यात आले. साक्षीदारांपैकी एक माझी पत्नी आणि दुसरा माझा धाकटा भाऊ. जाहीर करणारे गृहस्थ म्हणजे त्या दुकानाचे मालक, ज्यांना सारे जण नाणेवाले म्हणतात. मी तेथे नेमका कोणत्या नात्याने उपस्थित होतो, हे आज सांगणे अवघड आहे. घरातून निघताना मी थोरला भाऊ होतो. परतताना तसा राहिलो नव्हतो.

विमा कंपनीच्या दावे विभागात मी उभी हयात घालवली. माणसे आपल्या वस्तू कशा ठेवतात, आणि त्या जळाल्या, भिजल्या, कुजल्या की आमच्याकडे कशी धावत येतात, हे पाहणे आणि 'सदर हानी दावेदाराच्या निष्काळजीपणामुळे झाली असल्याने' या शब्दांनी आरंभ होणारी वाक्ये लिहिणे, हे माझे काम. त्या वाक्यांविषयी मला आजही अभिमान आहे. ती कोठेही डगमगत नसत, आणि शेवटच्या क्रियापदापर्यंत पोहोचता पोहोचता दावेदाराचा धीर सुटत असे. सांगायचा मुद्दा, निष्काळजीपणा ओळखण्यात माझा हात धरणारे त्या इमारतीत कोणी नव्हते.

वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांना एकेक चांदीचे नाणे मिळाले. एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीचे, एकाच वजनाचे. एका बाजूस मुकुट घातलेले मस्तक, दुसऱ्या बाजूस पानांचा वेढा. माझे नाणे मी स्वच्छ कापसात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डबीत घालून, ती डबी पेटीत आणि पेटी कपाटात ठेवली. धाकट्याने त्याचे कोठे ठेवले, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते त्यालाही ठाऊक नसे. त्याच्या टेबलाला एक खण आहे. त्या खणात पृथ्वीतलावरील ज्या ज्या वस्तूला स्वतःची जागा नाही, ती ती नांदते. नाणे तेथे एका जुन्या तपकिरी पाकिटात, रबराच्या कडीने बांधलेल्या विजेच्या बिलांना चिकटून पडले होते.

ही नाणी विकायची, असे घरात ठरले ते माझ्या पत्नीमुळे. ती शेजारच्या मुलींना शिवण शिकवते. तिचे शिवणयंत्र इतके जुने झाले होते की सरळ शिवण घालताना ते मध्येच वळणावर जाई, आणि मग विद्यार्थिनी शिक्षिकेकडे व शिक्षिका माझ्याकडे पाही. नव्या, विजेवर चालणाऱ्या यंत्रासाठी ती दोन वर्षे पैसे बाजूला टाकत होती. नाणे विकले तर यंत्र येत्या महिन्यात घरी येणार होते.

तर त्या शनिवारी नाणेवाल्यांनी आधी माझे नाणे हातात घेतले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. स्वच्छ आहे. ठीक आहे."

मग त्यांनी धाकट्याचे नाणे घेतले. त्यांचा हात थबकला. ते उठले, नाणे खिडकीशी नेऊन उजेडात तिरके धरले, आणि सावकाश खुर्चीत बसले.

"हे कुठं ठेवलं होतं तुम्ही?"

"खणात," धाकटा म्हणाला. "का, खराब झालंय का?"

"खराब? अहो, बघा तरी!"

आम्ही पाहिले. मस्तकाच्या बाजूवर काठाला निळा, त्याच्या आत जांभळट गुलाबी, आणि मधोमध पिकलेल्या लिंबासारखा सोनेरी रंग पसरला होता. नाणे हलवले की हे रंग एकमेकांत सरकत. माझी पत्नी नकळत "अगंबाई" म्हणाली. आमच्या विवाहापासून माझ्या कोणत्याही वस्तूस तिने तसे म्हटल्याचे मला आठवत नाही.

नाणेवाल्यांनी खुलासा केला तो असा. चांदीला हवेतल्या आणि जुन्या कागदातल्या गंधकाची बाधा होते. वर्षानुवर्षे अगदी हळू झाली, की नाण्यावर रंगाचा पातळ थर चढतो. तो असा देखणा चढला तर शौकीन लोक साध्या नाण्याच्या कितीतरी पट पैसे मोजतात. काळपट, डागाळ चढला तर तेच लोक नाक मुरडतात. आणि कोणी मुद्दाम चढवलेला आढळला, तर नाणे परत करतात व दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच.

"म्हणजे किती पट?" मी विचारले.

त्यांनी आकडा सांगितला. माझे नाणे विकून शिवणयंत्राचा अर्धा भाग आला असता. धाकट्याच्या नाण्यात दोन यंत्रे आली असती, आणि वर सगळ्या विद्यार्थिनींना चहा पाजता आला असता.

"माझं एक गिऱ्हाईक महिनाअखेर येतंय," नाणेवाले धाकट्याला म्हणाले. "खास अशाच रंगाच्या शोधात आहे. तोवर सांभाळा. म्हणजे, जसं सांभाळत होतात तसंच!"

आता माझा आक्षेप लक्षात घ्या. तो द्वेषाचा नव्हता, तत्त्वाचा होता. मी नाणे जपले. त्याची किंमत 'ठीक आहे'. ज्याने ते विजेच्या बिलांत कोंबले, त्याला 'अहो, बघा तरी!' मी नाणेवाल्यांना शांतपणे विचारले, की मग जगात जपणुकीला काही अर्थ उरतो काय? ते म्हणाले, "साहेब, भाव मी ठरवत नाही, बघणारा ठरवतो." यावर मी त्यांना बाजारभाव आणि वस्तूचे अंगभूत मूल्य यांतला भेद समजावून सांगायला आरंभ केला, परंतु पत्नीने माझी बाही ओढली.

रस्त्यात धाकटा म्हणाला, "दादा, दोन्ही विकू आणि निम्मे निम्मे करू. वहिनीचं मशीन येईल. मला तरी काय, ते नाणं खणातच होतं."

"वा, भाऊजी!" पत्नीचा चेहरा उजळला.

येथे शहाण्या माणसाने 'बरं' म्हणायचे असते. मी म्हणालो, "थोरल्याने धाकट्याच्या नशिबातले निम्मे घ्यायचे, हे मला मान्य नाही. माझे नाणे तुझ्याच किमतीला विकले जाईल."

"कसं?"

"ते मी पाहीन. तू फक्त तुझे नाणे मला महिनाअखेरपर्यंत नमुना म्हणून दे."

धाकट्याने खिशातून नाणे काढले, बसच्या तिकिटात गुंडाळले आणि माझ्या हातावर ठेवले. पावती मागितली नाही. एवढी मौल्यवान वस्तू पावतीविना दिल्याबद्दल मी त्याला तेथेच चार शब्द सुनावले.

माझी विचारसरणी सोपी होती. मुद्दाम रंग चढवणे ही फसवणूक, आणि मी फसवणुकीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. परंतु धाकट्याने रंग चढवला नव्हता. त्याने फक्त निष्काळजीपणा केला होता. मग मीही निष्काळजीपणाच करीन. फरक इतकाच, की तो व्यवस्थित करीन.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्याकडे जाऊन त्याच्या खणाचे निरीक्षण केले. कोणता कागद कशावर, रबराच्या कड्या किती, सुकलेली शाईची दौत कोणत्या कोपऱ्यात, लोकरीचा एकटा हातमोजा कसा पसरलेला. भावजयीने चहा आणला आणि बराच वेळ दारात उभी राहून पाहिले.

"भावोजी, काही हरवलंय का?"

"नाही. कसं हरवतात ते पाहतोय."

भावजय आत गेली, आणि आतून दोघांचे बोलणे एकदम हलक्या आवाजात सुरू झाले.

घरी मी माझ्या टेबलाच्या खणात तोच पसारा तंतोतंत उभा केला. बिले धाकट्याकडून मागून आणली. हातमोजा पत्नीच्या पेटीतला. मध्ये माझे नाणे. मग मी खण बंद केला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागलो. दर दोन तासांनी मी दुर्लक्ष नीट चालले आहे ना, हे पाहून येत असे.

तिसऱ्या दिवशी खण उघडला तर आत सारे लख्ख. बिले तारखेप्रमाणे लावलेली, कड्या एका डबीत, हातमोजा धुऊन वाळत घातलेला, आणि माझे नाणे पुन्हा कापसात.

"हे कोणी केले?"

"मी," पत्नी म्हणाली. "किती दिवसांनी तुमचा खण आवरायला मिळाला! बरं वाटलं हो."

मी तिला निष्काळजीपणाचे महत्त्व समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आयुष्यभर मला ओरडलात टॉवेल जागेवर ठेव म्हणून. आता पसारा घालायचाय तर तोही तुमच्याच पद्धतीने. मला ना, एकदाच कळू दे, या घरात करायचं काय!"

हा प्रश्न गैरलागू होता. मी तसे म्हणालो. तिने संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरला, आणि वळणावर जाणाऱ्या यंत्राचा आवाज मात्र घरभर घुमत राहिला.

आठवडा उलटला तरी नाण्यावर रंगाचा मागमूस नाही. तेव्हा मी वरच्या मजल्यावरील रसायनकाकांकडे गेलो. हे गृहस्थ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. इमारतीतल्या कोणत्याही अडचणीवर, मग ती पाण्याच्या टाकीची असो वा कोणाच्या लग्नाची, त्यांच्याकडे एक रासायनिक क्रिया तयार असते.

"कागदानं व्हायला तीस वर्षं लागतील," ते म्हणाले. "तुला गंधक पाहिजे ना? अंडं उकड. दोन भाग कर. डब्यात नाण्याशेजारी ठेव. दिवसाभरात पिवळं, मग गुलाबी, मग निळं. निळं झालं की लगेच बाहेर काढ. नाहीतर काळं."

"ही फसवणूक ठरेल का?"

"मी केमिस्ट्री शिकवली. ते दुसऱ्या डिपार्टमेंटला विचार."

मी त्या प्रश्नाचा घरी येऊन सांगोपांग विचार केला. अंडे निसर्गनिर्मित. कोंबडी कोणाच्या सांगण्यावरून अंडे घालत नाही. डबा झाकलेला असतो तो इतर वस्तूंच्या रक्षणासाठी. म्हणजे नाणे अंड्याच्या सहवासात राहिले, एवढेच. सहवासाने माणसे बदलतात, त्यास कोणी फसवणूक म्हणत नाही. पत्नीने हा सारा युक्तिवाद ऐकला आणि अंडी कोण उकडणार एवढेच विचारले.

पहिल्या प्रयत्नात नाण्यावर गवताच्या काडीसारखी फिकट पिवळी झाक आली आणि तेथेच थांबली. मला वाटते, काकांच्या प्रमाणातच खोट होती. एका अंड्याने जर पिवळे होते, तर निळ्यासाठी अंडी किती, हे सरळ त्रैराशिक आहे. मी बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात सहा अंडी अर्धी करून मांडली, मध्ये बशीवर नाणे ठेवले, आणि डबा स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कपाटात, उबदार पाइपालगत ठेवला. उष्णतेने क्रिया वेगाने होते, हे मला शाळेपासून ठाऊक होते.

जे शाळेपासून ठाऊक नव्हते ते असे, की त्या कपाटाच्या मागे इमारतीचा हवेचा उभा बोळ आहे, आणि सर्व स्वयंपाकघरांच्या झरोक्यांची तोंडे त्यात उघडतात.

पहिले दोन दिवस मला काहीच वास आला नाही. मला त्या सुमारास सर्दी होती. पत्नीला येत होता. ती म्हणाली, मी म्हणालो विज्ञान, ती बहिणीकडे निघून गेली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई दार ठोठावून गेल्या. "तुमच्याकडे काही मेलंय का हो?" मी नाही म्हणालो, जे सत्य होते. चौथ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात फलक लावला: 'कोणाच्याही घरात गॅसचा वास आल्यास तात्काळ कळवावे.' त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले, 'सर्वांच्याच'.

आणि पाचव्या दिवशी सकाळी, मी डबा उघडला.

हे वर्णन मी आवरते घेतो. नाण्याच्या काठाला निळा रंग होता. आत गुलाबी. मध्ये सोनेरी. मी धाकट्याचे नाणे पेटीतून आणले, दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी धरली, खिडकीशी गेलो. जुळी भावंडे! काकांनी सांगितल्याप्रमाणे आता फक्त नाणे बाहेर काढून पुसायचे होते. माझ्या मनात नाणेवाल्यांचे 'अहो, बघा तरी!' गरजू लागले. शिवणयंत्राचा रंग हिरवा घ्यावा की पांढरा, इथवर मी पोहोचलो होतो.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली, आणि पाठोपाठ कोणीतरी दारावर मुठी आपटल्या.

"गॅस कंपनी! दार उघडा! सगळे खाली उतरा!"

आता तुम्ही म्हणाल, नाणी खिशात टाकायची. मीही नंतर तेच म्हणालो. पण खिसा असलेला सदरा बाहेर वाळत होता. बाहेर शेजारी जमले होते, आणि त्या सर्वांसमोर हातात रंगीत नाणी घेऊन, अंड्यांच्या दुर्गंधीत उभा असलेला दावे विभागाचा निवृत्त अधिकारी म्हणून दिसणे मला शक्य नव्हते. मी दोन्ही नाणी डब्यात टाकली, झाकण दाबले, कपाट बंद केले, किल्ली फिरवली आणि दार उघडले.

गॅस कंपनीचे साहेब आत आले. त्यांच्या हातात एक पिवळे यंत्र होते. त्यांनी ते शेगडीजवळ, पाइपाजवळ, माझ्याजवळ धरले. यंत्र गप्प. ते कपाटाजवळ गेले, आणि त्यांनी स्वतः नाक धरले.

"वास इथून येतोय. गॅस नाही. काय आहे आत?"

येथे एका शब्दाने सारे संपले असते. 'अंडी.' तीन अक्षरेसुद्धा नाहीत. पण दारात सेक्रेटरी उभे होते, त्यांच्यामागे खालच्या बाई, आणि जिन्यात रसायनकाका, ज्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान फिरवली.

"खासगी मालमत्ता," मी म्हणालो.

"उघडा."

"कोणत्या नियमान्वये?"

साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "काका, सकाळपासून ही चौथी बिल्डिंग. नियम-बियम नंतर. वास कसला येतोय?"

"वास ही व्यक्तिनिष्ठ संवेदना आहे. तुमचे यंत्र मौन आहे. ज्या संकटाची आपल्या यंत्रास जाणीव नाही, त्याच्या आधारे नागरिकाचे कपाट उघडण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, ते मला दाखवा. मी उघडतो."

दारातून सेक्रेटरी ओरडले, "अहो, उघडा ना! खाली बायका-पोरं उभी आहेत उन्हात!"

"सेक्रेटरीसाहेब, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

गॅसवाल्या साहेबांनी उसासा टाकला. त्यांनी पिशवीतून तार, लाखेची कांडी आणि एक लाल चिठ्ठी काढली. "उघडता येत नाही तर बंद तरी करता येतं," ते म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत कपाटाला सील ठोकले. चिठ्ठीवर लिहिले: 'वास: आहे. कारण: अज्ञात. उघडू नये.' वाक्यरचना नेटकी होती, हे मी मान्य करतो. आत, उबदार पाइपाशेजारी, सहा अंड्यांच्या सहवासात, माझ्या भावाचे नाणे.

दुपारी मी गॅस कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अज्ञात वासाचे सील आरोग्य खात्याच्या दाखल्याखेरीज निघत नाही. आरोग्य खात्यात म्हणाले, सील आमचे नाही, आम्ही दाखला कशाचा द्यायचा? वास घेऊन या. मी म्हणालो, वास सीलबंद आहे. ते म्हणाले, मग सील काढून आणा. मी पुन्हा गॅस कंपनीत गेलो आणि या वेळी खिडकीशी वाकून, हलक्या आवाजात सांगितले, "आत उकडलेली अंडी आहेत."

बाईंनी चष्मा काढला. "मग साहेबांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा जिन्यात माणसे होती."

"आता रिपोर्ट वर गेला. त्यात 'अज्ञात' आहे. 'ज्ञात' करायला पुन्हा पाहणी लागते. सोमवारनंतर फोन करा."

मी आयुष्यभर लोकांना असेच परत पाठवले होते, पण इतके रुक्षपणे नव्हे. आमच्याकडे निदान संपूर्ण वाक्ये असत.

शनिवारी धाकटा आला. "दादा, ते गिऱ्हाईक आलंय. नाणेवाल्यांचा फोन होता. माझं नाणं दे, तुझंही घे, चल." मग तो थांबला, त्याने नाक मुरडले. "हा वास कसला?"

त्याच वेळी पत्नी बहिणीकडून परतली. मी दोघांना समोर बसवले आणि घडलेला वृत्तान्त क्रमाने, कोणताही भाग न गाळता निवेदन केला. गॅसवाल्या साहेबांशी झालेला संवाद तर मी शब्दशः सांगितला, कारण त्यात माझी बाजू निर्विवाद होती.

पत्नी म्हणाली, "म्हणजे तुम्ही 'अंडी' म्हणाला असतात तर दहा मिनिटांत झालं असतं?"

"तात्त्विकदृष्ट्या, होय."

"माझं मशीन त्या कपाटात आहे, तुम्हाला कळतंय का? भाऊजींनी निम्मे देऊ केले होते. भर रस्त्यात. हसत. आणि तुम्हाला ते घ्यायला लाज वाटली, पण लोकांची बायका-पोरं उन्हात उभी करायला नाही वाटली!"

याला माझ्याकडे उत्तर होते. मी दिले नाही. हे मी माझ्या संयमाचे उदाहरण म्हणून नोंदवतो.

धाकटा उठून कपाटाशी गेला. "तोडतो ही तार."

"हात लावू नकोस! ते बेकायदेशीर आहे."

"दादा, नाणं माझं आहे."

"कपाट माझे आहे, आणि सील कंपनीचे."

त्याने माझ्याकडे पाहिले. लहानपणी मी त्याचा पतंग फाटू नये म्हणून कपाटावर ठेवी आणि पावसाळा आला की खाली काढी, तेव्हा तो असाच पाही. मग तो खाली गेला. मला वाटले रागावून गेला. पण अर्ध्या तासाने तो गॅसवाल्या साहेबांना त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घेऊन आला. त्यांना कसे शोधले, काय सांगितले, मला ठाऊक नाही. दोघे जिना चढताना हसत होते.

"काका, अंडी?" साहेबांनी दारातूनच विचारले.

"अंडी," मी म्हणालो. जिन्यात पुन्हा माणसे होती. या वेळी मी मोठ्याने म्हणालो.

साहेबांनी तार कापली, कपाट उघडले, डबा काढला, हात लांब करून झाकण उचलले, आणि मजल्यावरील सर्व दारे एकाच वेळी धाडकन बंद झाली. पत्नीने चिमट्याने नाणी उचलून पाण्यात टाकली. आम्ही तिघे त्या भांड्यावर वाकलो.

तळाशी दोन काळ्या चकत्या होत्या. तव्याच्या बुडासारख्या. ना मस्तक दिसत होते, ना पाने.

"यातलं माझं कुठलं?" धाकट्याने विचारले.

मी प्रत्येक वस्तूवर खूण करतो. छत्रीवर, पुस्तकांवर, चाकूच्या मुठीवर माझे आद्याक्षर आहे. या नाण्यांवर मी खूण केली नव्हती, कारण रंग हीच खूण पुरेशी वाटली होती.

आम्ही तसेच नाणेवाल्यांच्या दुकानी गेलो. गिऱ्हाईक खुर्चीत बसले होते; पांढऱ्या केसांचे, नम्र गृहस्थ, खास प्रवास करून आलेले. धाकट्याने रुमाल उघडून दोन्ही नाणी मेजावर ठेवली. गिऱ्हाइकाने पाहिले, नाणेवाल्यांकडे पाहिले, नमस्कार केला आणि टोपी घेऊन निघून गेले.

मी नाणेवाल्यांना म्हणालो, "हे पुसून निघेल. रसायनात बुडवले तर—"

"निघेल," ते म्हणाले. "पण खालची चांदी आता मेलेली असेल. चमक परत येत नाही, साहेब. धुतलेलं नाणं शौकीन लांबून ओळखतात."

"तरीही," मी म्हणालो, "या दोहोंपैकी एक नाणे आधी नैसर्गिकरीत्या रंगलेले होते, ही वस्तुस्थिती विचारात घेता, निदान त्या एकाची किंमत वेगळी धरणे न्याय्य ठरेल. दोन भिन्न इतिहास असलेल्या वस्तूंना एकच भाव लावणे—"

"अहो, बसा," पत्नी म्हणाली.

मी बसलो. धाकटा माझ्या शेजारी बसला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो काढला नाही. मला तो हात जड वाटला. मी तो झटकला नाही.

नाणेवाल्यांनी भिंग लावून एक नाणे पाहिले, उलटले, दुसरे पाहिले, उलटले. मग पुन्हा पहिले. मग त्यांनी भिंग मेजावर ठेवले, आणि दागिन्यांची मोड तोलायचा छोटा काटा पुढे ओढला.

"दोन्ही सारखीच," ते म्हणाले. "वजनावर घेतो."